विभवाचे चिन्ह आणि संक्रमणी धातूंची ‘स्थिर’ अवस्था

व्हॅनेडेटच्या पिवळ्या, आम्लयुक्त द्रावणात जस्ताची पूड टाकली की रंग पालटत जातो: निळा, मग हिरवा, शेवटी जांभळा. जांभळा म्हणजे व्हॅनेडियम +२, म्हणजे दोन इलेक्ट्रॉन गमावलेली अवस्था. धातू मात्र सुटा होत नाही. कारण प्रमाण विभवांच्या तक्त्यात सापडते: विभव जितका उणे, तितकी इलेक्ट्रॉन घेण्याची ओढ कमी. जस्ताचा प्रमाण विभव −०.७६ व्होल्ट. व्हॅनेडियमचा +३ वरून +२ वर येतानाचा −०.२६, पण +२ वरून धातूपर्यंतचा सुमारे −१.२. ती शेवटची पायरी जस्ताच्या आवाक्याबाहेरची आहे.

हे उणे-अधिक पूर्वी असे ठरलेले नव्हते. १८३६ मध्ये जस्त-तांब्याचा घट आला आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हायड्रोजन इलेक्ट्रोड शून्य मानला जाऊ लागला. वाद नंतर पेटला, तो चिन्हावरून. युरोपात जस्त उणे लिहीत, कारण हायड्रोजनच्या जोडीला लावल्यावर मीटरवर जस्ताची बाजू खरोखरच ऋण निघते. अमेरिकेत अभिक्रिया ऑक्सिडीकरणाच्या, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावण्याच्या, दिशेने लिहायची प्रथा होती, म्हणून तेच जस्त +०.७६. हिशेब दोन्हींकडे बरोबरच येई. घोटाळा होता तो शब्दाचा: अभिक्रिया उलटी लिहिली की तिचे चिन्ह उलटते, पण इलेक्ट्रोडवरचा भार कागदावर काय लिहिले यावर ठरत नाही. या दोन वेगळ्या राशींना एकच नाव होते, ‘इलेक्ट्रोड विभव’. संक्रमणी धातूंच्या अभ्यासकांचा आधार असलेला १९३८ चा अमेरिकन संदर्भग्रंथ ऑक्सिडीकरणाचेच आकडे देई, आणि १९५२ ची दुसरी आवृत्तीही तशीच निघाली.

पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, आंतरराष्ट्रीय रसायनशास्त्र संघटनेच्या (IUPAC) स्टॉकहोमच्या बैठकीत निकाल लागला: इलेक्ट्रोड विभव हे नाव फक्त क्षपणाच्या, म्हणजे इलेक्ट्रॉन घेण्याच्या, दिशेने लिहिलेल्या आकड्यालाच. निर्णय योग्यच होता, आणि तो वीस वर्षे आधी व्हायला हवा होता. तरीही अमेरिकन पाठ्यपुस्तके पुढची कित्येक वर्षे जुनीच चिन्हे छापत राहिली. १९८२ मध्ये प्रमाण दाब एक ॲटमॉस्फिअरऐवजी एक बार झाला, तेव्हा फरक पडला जेमतेम ०.१७ मिलिव्होल्टचा. चिन्हाच्या गोंधळापुढे तो काहीच नव्हे. गोंधळ किती मोठा, ते एका जोडीत दिसते. क्रोमियम +२ आणि मँगेनीज +३, दोघांच्याही बाहेरच्या डी उपकवचात चार इलेक्ट्रॉन. +३ वरून +२ वर येण्याचा विभव क्रोमियमसाठी −०.४१, मँगेनीजसाठी सुमारे +१.५. म्हणून पहिला क्षपणक (इलेक्ट्रॉन देणारा), दुसरा ऑक्सिडीकारक (इलेक्ट्रॉन घेणारा). जुन्या तक्त्यातले आकडे नव्या अर्थाने वाचले की दोघांच्या भूमिकांची अदलाबदल होते.

‘स्थिर’ हा शब्दही सांभाळून वाचावा लागतो, कारण हे सगळे आकडे पाण्यातले आहेत. तांबे +२ वरून +१ वर येताना +०.१५, +१ वरून धातूवर +०.५२. दुसरा आकडा मोठा, म्हणून पाण्यात तांबे +१ टिकत नाही, +२ आणि धातू अशी त्याची फाटाफूट होते. पण मोरचुदाच्या द्रावणात पोटॅशियम आयोडाइड घाला: सुटलेल्या आयोडीनच्या तपकिरी रंगाखाली पांढरट साका बसतो. तो तांबे +१ चाच असतो, पाण्यात न विरघळणाऱ्या आयोडाइडच्या रूपात टिकलेला.