मायनिंग मशिनसाठी गाळा, थ्री-फेज जोडणी आणि भागीदारी : पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाचा क्रम

क्रिप्टो मायनिंगसाठी (म्हणजे खास संगणकीय मशिनं सतत चालवून बिटकॉइनसारखी नाणी मिळवण्यासाठी) महाराष्ट्रात वेगळा परवाना नाही, त्यामुळे ‘मायनिंगचा अर्ज’ असा कुठल्याच कार्यालयात मिळत नाही. करायचे अर्ज तीन: संस्थेची नोंदणी, जागेचा करार आणि महावितरणची जोडणी. बहुतेक जण आधी मशिन घेतात, मग मित्राच्या गाळ्यात ठेवतात, आणि वीज कमी पडली की कागदांच्या मागे लागतात. हा क्रम उलटा आहे. भाडेकरार, वीजबिल आणि मशिनचं बिल या तिन्हींवर एकच नाव यायला हवं असेल, तर ते नाव आधी अस्तित्वात यायला हवं.

त्याआधी पाच मिनिटांचा हिशेब

कोटेशन भरलं की जोडणीचा खर्च परत येत नाही, म्हणून हा हिशेब अर्जाच्या आधी करायचा. एप्रिल २०२४ च्या हाविंगनंतर (बक्षीस निम्मं झाल्यानंतर) प्रत्येक ब्लॉकला, म्हणजे व्यवहारांच्या नोंदींच्या प्रत्येक गठ्ठ्याला, ३.१२५ बिटकॉइन मिळतात. दिवसाला साधारण १४४ ब्लॉक, म्हणजे जगभरातल्या सगळ्या मायनरांत मिळून रोज ४५० बिटकॉइन. तुमचा वाटा म्हणजे तुमचा हॅशरेट (मशिनांचा गणनेचा वेग) भागिले जाळ्याचा, म्हणजे जगभरच्या सगळ्या मशिनांचा, हॅशरेट.

जाळं १००० एक्झाहॅशचं धरू (एक एक्झाहॅश म्हणजे दहा लाख टेराहॅश) आणि वीज सगळे आकार धरून १० रुपये युनिट. हे आकडे नमुन्याचे आहेत. त्या दिवसाचा हॅशरेट आणि तुमच्या वर्गवारीचा दर घालून पुन्हा मांडा. अँटमायनर एस१९जे प्रो १०० टेराहॅशचं, ३०५० वॅटचं मशिन. दिवसाला ७३.२ युनिटं खातं, म्हणजे ७३२ रुपये, आणि देतं ०.००००४५ बिटकॉइन. नुसतं वीजबिल निघायला एका बिटकॉइनचा भाव सुमारे १ कोटी ६३ लाख रुपये हवा. एस२१ हे २०० टेराहॅश आणि ३५०० वॅटचं. त्याला तोच आकडा सुमारे ९३ लाख येतो. यात पूलची (मिळून काम करणाऱ्या मायनरांच्या गटाची) फी, पंख्यांची वीज, गाळ्याचं भाडं, कर काहीच नाही. स्वस्तात मिळणारं जुनं मशिन स्वस्तात का मिळतं, ते इथे कळतं.

हिशेब बसत नसेल तर पुढचं सगळं वाचून ठेवा, पण अर्ज करू नका.

संस्था: कुणाच्या नावावर काय

दोन-तीन जणांत मशिनं घ्यायची असतील तर साधारण तीन मार्ग आहेत. नुसता सहमालकीचा करार, भारतीय भागीदारी कायदा १९३२ खालची नोंदणीकृत संस्था, किंवा एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी). सहमालकीचा करार एक-दोन मशिनांपुरता ठीक. वीजजोडणी आणि भाडेकरार मात्र शेवटी एकाच्याच नावावर होतो, आणि वाद झाला की तो एकटा वरचढ ठरतो.

भागीदारी संस्थेची नोंदणी सक्तीची नाही, म्हणून लोक स्टँपपेपरवर डीड (भागीदारीचा करार) करून थांबतात. पण कलम ६९ प्रमाणे नोंदणी नसलेल्या संस्थेला कराराच्या आधारावर बाहेरच्यावर दावा लावता येत नाही, आणि भागीदारालाही डीडमधल्या हक्कासाठी संस्थेवर किंवा दुसऱ्या भागीदारावर तो लावता येत नाही. घरमालकानं डिपॉझिट अडकवलं किंवा विक्रेत्यानं बंद मशिन पाठवलं, तर हात बांधलेले. निबंधकांकडे ऑनलाइन अर्ज, डीड, भागीदारांचे पॅन-आधार आणि जागेचा पुरावा एवढंच लागतं. ते करून टाका.

दुसरं कलम १४. भागीदारानं भांडवल म्हणून आणलेली वस्तू संस्थेची होते. आपलं मशिन ‘फक्त चालवायला’ ठेवायचं असेल, तर डीडला जोडपत्र लावून मशिनचा सिरियल नंबर, मालकाचं नाव आणि ‘मालकी हस्तांतरित होत नाही’ हे वाक्य लिहायलाच हवं. नाहीतर बाहेर पडताना मशिन नव्हे, हिशेबातला वाटा मिळतो, आणि तोही त्या दिवशीच्या भंगारभावानं.

एलएलपीत दायित्व मर्यादित राहतं. फिलिप फॉर्म (स्थापनेचा ऑनलाइन अर्ज), डिजिटल सही, आणि स्थापनेपासून ३० दिवसांत करारासह फॉर्म ३. पुढे दरवर्षी फॉर्म ११ (वार्षिक विवरण) ची मुदत ३० मे आणि फॉर्म ८ (हिशेब) ची ३० ऑक्टोबर. धंदा झाला नाही तरी हे भरावे लागतात, आणि उशीर वाढेल तसा दंडही वाढत जातो.

डीडमध्ये या गोष्टी स्पष्ट हव्यात: पूलच्या खात्यात प्रत्येक मशिन वेगळ्या वर्कर-नावानं (म्हणजे कुणाच्या मशिननं किती काम केलं ते रोज दिसतं), पैसे जमा होणारं वॉलेट तिघांपैकी दोघांच्या सहीनं उघडणारं, मशिन बंद पडलं तर दुरुस्तीचा खर्च कुणाचा, आणि बिल कमाईपेक्षा जास्त आलं तर किती दिवसांनी मशिनं बंद करायची. हा शेवटचा मुद्दा कुणी लिहीत नाही आणि भांडण बहुधा त्यावरूनच होतं.

ओळखीबाहेरच्यांकडून पैसे घेऊन ‘दरमहा अमुक टक्के’ देण्याच्या फंदात पडू नका. मग ती भागीदारी उरत नाही. सेबीची सामूहिक गुंतवणूक योजना, अनियंत्रित ठेव योजना बंदी कायदा २०१९ आणि महाराष्ट्राचा ठेवीदार संरक्षण कायदा १९९९ यांचा विषय होतो. १८ महिने दरमहा १० टक्के असं आश्वासन देणाऱ्या गेनबिटकॉइन प्रकरणात पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये अटका केल्या; पुढे तपास सीबीआयकडे गेला.

जागा

घरात किंवा सोसायटीत नको. एका मशिनचा आवाज ७५ डेसिबलच्या आसपास असतो, आणि निवासी भागाची रात्रीची मर्यादा ४५ आहे. व्यापारी भागातही रात्री ५५ च, औद्योगिक भागात ७०. गाळा औद्योगिक वसाहतीत घेतला की हा प्रश्न बराचसा सुटतो.

लीव्ह अँड लायसन्स करार नोंदवलेला हवा (महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, कलम ५५) आणि त्यात वापराचा उद्देश लिहिलेला हवा. ‘गोडाऊन’ लिहून आत मशिनं चालवली तर विमा कंपनीला क्लेम नाकारायला आयतं कारण मिळतं. एमआयडीसीचा गाळा असेल तर मूळ भूखंडधारकानं पोटभाड्याची परवानगी घेतली आहे का, ते कागदावर बघा. तोंडी ‘होऊन जाईल’ चालत नाही. शेतातल्या शेडसाठी जमिनीच्या बिनशेती वापराचा कागद हवा. दुकाने व आस्थापना कायद्याखाली कामगार थोडे असतील तर नोंदणी नाही, फक्त ऑनलाइन सूचना द्यायची. तिची पावती पुढे बँकेत कामी येते.

आणि जुनं वीजबिल मागून घ्या. त्यावर तीन गोष्टी वाचायच्या: थकबाकी, मंजूर भार, आणि वर्गवारी.

वीजजोडणी: भार किती मागायचा

उदाहरण सहा एस१९जे प्रोंचं घेऊ. ६ × ३.०५ म्हणजे १८.३ किलोवॅट. पंखे, राउटर, दिवे मिळून १ किलोवॅट. एकूण १९.३. लघुदाब बिगर-निवासी वर्गवारीत २० किलोवॅटपर्यंत स्थिर आकार जोडणीमागे असतो. त्यापुढे मागणी आकार केव्हीएवर (भाराचं एकक) लागतो. म्हणजे सहा मशिनं २० च्या आत जेमतेम बसतात, आणि उन्हाळ्यात कुणी दीड टनाचा एसी लावला की बाहेर जातात.

एसी लावायचं कारणही नाही. खाल्लेली सगळी वीज उष्णता होऊन बाहेर पडते. १९ किलोवॅट काढायला साडेपाच टनांचा एसी लागेल. हवा खेळवा. बाहेरच्या हवेपेक्षा १० अंशांनी गरम हवा बाहेर टाकायची, तर एका मशिनला सुमारे ५४० सीएफएम (मिनिटाला घनफूट हवा) लागतात, सहांना ३२००. गरम हवा जाण्याची आणि थंड हवा येण्याची वाट समोरासमोरच्या भिंतींत हवी, नाहीतर तीच हवा फिरून आत येते आणि मशिनं स्वतःहून बंद होतात. विदर्भात मे महिन्यात बाहेरच ४४-४५ अंश असतात. तेव्हा दुपारी मशिनं बंद ठेवायची हे गृहीत धरा. कोकणात त्रास वेगळा, खाऱ्या हवेनं बोर्ड गंजतात.

वर्गवारी कोणती? आयटी आणि आयटी-आधारित सेवांना औद्योगिक दर मिळतो, पण तो राज्याच्या धोरणाखालचं नोंदणी प्रमाणपत्र हातात असेल तरच. ते नसेल तर बिगर-निवासी, म्हणजे महाग दर. उद्यम प्रमाणपत्र (लघुउद्योगाची नोंदणी) वेगळं. त्याच्या भरवशावर औद्योगिक दराचं गणित मांडू नका.

अर्जासोबत लागणारी कागदपत्रं:

- संस्थेचा पॅन, नोंदणी प्रमाणपत्र, डीड किंवा एलएलपी करार
- सही करणाऱ्याचं ओळखपत्र आणि त्याला अधिकार देणारं पत्र
- नोंदवलेला भाडेकरार, मालकाचं ना-हरकत पत्र, मालमत्ता कराची पावती किंवा इंडेक्स-२ (खरेदीखताच्या नोंदणीचा उतारा)
- परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा चाचणी अहवाल
- भाराचा तक्ता: मशिनचं मॉडेल, संख्या, प्रत्येकी वॅट

शेवटचा तक्ता मागितला नाही तरी जोडा. वापराच्या रकान्यात ‘संगणक’ एवढंच न लिहिता ‘क्रिप्टो मायनिंगची संगणकीय यंत्रं, २४ तास सलग भार’ असं लिहा. सलग भार कळला तर ट्रान्सफॉर्मरवर जागा आहे का, ते अभियंता आधीच बघतो.

अर्ज महावितरणच्या संकेतस्थळावर होतो. मग जागेची पाहणी, कोटेशन, पैसे भरणं, मीटर. पूर्ण कागदांसह अर्ज गेल्यावर केंद्राच्या २०२४ च्या नियमांनुसार मुदत महानगरांत ३ दिवस, इतर नगरपालिका क्षेत्रांत ७ आणि ग्रामीण भागात १५ दिवस. मात्र नवी लाइन किंवा ट्रान्सफॉर्मर लागला तर ही मुदत लागू होत नाही. घाई असेल तर ते काम स्वखर्चानं करून १.३ टक्के देखरेख शुल्क भरण्याचा पर्याय असतो. त्यासाठीही ठेकेदार परवानाधारकच हवा.

अनामत रक्कम दोन महिन्यांच्या सरासरी बिलाएवढी. आपल्या उदाहरणात १९.३ × ७२० म्हणजे १३,८९६ युनिटं, १० रुपयांनी १ लाख ३९ हजार. अनामत सुमारे २ लाख ७८ हजार. सुरुवातीला कमी घेतली तरी वापर दिसल्यावर फरकाची मागणी येतेच. तेवढी रक्कम बाजूला ठेवा.

गाळ्यात आधीच जोडणी असेल तर

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. गाळा आधी लेथ मशिनचा होता, जोडणी औद्योगिक, १० किलोवॅटची, मालकाच्या नावावर. मायनिंग सुरू झालं की वापर बदलला, भारही बदलला. भरारी पथक आलं तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापराची आकारणी होते: दराच्या दुप्पट, आणि वापर कधीपासून ते ठरवता आलं नाही तर मागचे १२ महिने धरून. अपील ३० दिवसांत, तेही अर्धी रक्कम भरून. शेतीपंपाच्या किंवा घरगुती जोडणीवर चालवणाऱ्यांनाही हेच कलम. मीटरला वळसा घातला तर कलम १३५, म्हणजे सरळ फौजदारी गुन्हा.

म्हणून अशा जागी तीन अर्ज एकत्र द्या: नावबदल, भारवाढ आणि वापर बदल. पोचपावती हातात येईपर्यंत मशिनं खोक्यातच राहू द्या.

वायरिंग: चाचणी अहवालाआधी तपासायचं

प्रत्येक फेजवर दोन मशिनं, म्हणजे २३० व्होल्टला २६.५ अँपिअर. प्रत्येक मशिनला स्वतंत्र २० अँपिअरचा एमसीबी (जादा भाराला वीज तोडणारा स्विच) आणि ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर. एस१९ च्या पॉवर सप्लायला दोन केबल असतात. एकच लावून चालवलेली केबल टोकाशी वितळते. व्होल्टेज २०० पर्यंत उतरलं की तेच मशिन १३.३ ऐवजी सव्वापंधरा अँपिअर ओढतं, आणि त्याखाली बंद पडतं. सहाही मशिनं एका ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर (वीजगळती झाली की वीज तोडणारा स्विच) घेतली तर थोडी थोडी गळती साचून तो विनाकारण पडतो. वायरमन मग तो काढूनच टाकतो. त्याऐवजी लाइनमागे एक आरसीबीओ (एमसीबी आणि आरसीसीबी दोन्हींचं काम करणारा स्विच) लावा. महिनाभरानं सगळ्या टर्मिनलचे स्क्रू पुन्हा आवळून घ्या, सलग भारावर ते सैल होतात.

मशिनचं बिल आणि कर

बिलावर संस्थेचं नाव आणि सिरियल नंबर हवा. थेट आयात करायची तर आयईसी (आयात-निर्यातीचा संकेतांक) लागतो. वापरलेल्या मशिनच्या आयातीचे नियम वेगळे आणि कडक, परदेशी विक्रेत्याच्या ‘काही लागत नाही’वर विसंबू नका.

कराचं गणित नवख्यांना चकवतं. २०२२ पासून आभासी डिजिटल मालमत्तेच्या विक्रीवर ३० टक्के कर आणि वर उपकर. वजावट फक्त संपादन खर्चाची, तोटा इतर उत्पन्नातून वळता होत नाही. मार्च २०२२ मध्ये सरकारनं लोकसभेत सांगितलं की मायनिंगच्या यंत्रणेवरचा खर्च संपादन खर्च धरला जाणार नाही. म्हणजे दीड लाखाची नाणी विकली आणि वीजबिल १ लाख ३९ हजार आलं, तरी संपादन खर्च शून्य धरला तर कर ४६,८०० रुपये. नाणं हाती आलं त्या दिवशीच्या भावानं उत्पन्न दाखवून त्यातून वीज वजा करायची, अशी मांडणी काही सीए करतात, पण ती वादाची आहे. संस्था नोंदवण्याआधी सीएकडून हे लेखी घ्या. विक्रीवर १ टक्का टीडीएस कापला जातो, तोही संस्थेच्याच पॅनवर दिसायला हवा.

बंद करताना कायमस्वरूपी खंडित करण्याचा अर्ज द्या आणि शेवटच्या रीडिंगचा फोटो काढून ठेवा. नुसतं बिल भरणं थांबवलं तर स्थिर आकार चढत राहतो आणि अनामतीतून वळता होतो. उरलेली अनामत ग्राहक म्हणून ज्याचं नाव आहे त्याच्याच खात्यात जाते. नावबदल राहून गेला असेल तर ती घरमालकाकडे जाईल.