जड वजने आणि हृदय

कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात पाच शरीरसौष्ठवपटूंच्या दंडातील धमनीत बारीक नळी घालून, प्रत्यक्ष वजन उचलत असतानाचा त्यांचा रक्तदाब मोजला होता. नेहमीचा पट्टा इथे उपयोगाचा नव्हता, कारण तो फुगून उतरेपर्यंत उचल संपलेली असते. दोन्ही पायांनी लेग प्रेस, म्हणजे यंत्रावरचे वजन पायांनी ढकलण्याचा व्यायाम, करताना या पाच जणांचा सरासरी रक्तदाब ३२०/२५० पर्यंत चढला आणि एकाच्या बाबतीत तो ४८०/३५० च्याही पुढे गेला. एरवी १२०/८० हा आकडा आपण निरोगीपणाची खूण मानतो, त्यामुळे एवढ्या दाबाखाली रक्तवाहिन्या फुटत कशा नाहीत, हा प्रश्न कोणालाही पडेल.

दाब चढण्याची कारणे दोन. घट्ट आवळलेले स्नायू आपल्यातून जाणाऱ्या रक्तवाहिन्या दाबून धरतात आणि हृदयाला रक्त ढकलणे अवघड होते, हे पहिले. दुसरे कारण श्वासाचे आहे. जमिनीवरून जड बार उचलणारा माणूस छाती भरून घेतो, घसा बंद करतो आणि पोट आवळतो, कारण त्याशिवाय कण्याला आधार मिळत नाही. इटलीतील शरीररचनातज्ज्ञ अँतोनिओ व्हाल्साल्वा यांनी १७०४ साली कानावरील ग्रंथात वर्णन केलेली ही क्रिया आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. रोखलेल्या श्वासामुळे छातीच्या पोकळीत वाढलेला दाब महाधमनीतील रक्तावर पडतो आणि धमनीतला आकडा आणखी वर जातो.

मात्र तोच दाब हृदयाला आणि छातीतील धमन्यांना बाहेरूनही आवळत असतो. सायकलच्या ट्यूबमध्ये कितीही हवा भरली तरी वरचा टायर तिला आवरून धरतो, तसाच हा प्रकार आहे. धमनीच्या भिंतीला आतल्या आणि बाहेरच्या दाबातला फरक तेवढा सोसावा लागतो. कवटीतही मेंदूभोवतीच्या द्रवाचा दाब त्याच वेळी वाढतो आणि तिथल्या रक्तवाहिन्यांना आधार देतो. निरोगी माणसाचे शरीर काही सेकंदांची ही चढण निभावून नेते ते यामुळेच. बार खाली ठेवून श्वास सोडताच दाब झपाट्याने उतरतो आणि काहींच्या डोळ्यांपुढे अंधारी येते, म्हणून उचलीनंतर लगेच पाठ फिरवून चालू लागण्याऐवजी क्षणभर आधार धरून उभे राहावे.

खरा धोका आधीपासून कमकुवत असलेल्या भिंतीला आहे. अमेरिकेतील येल विद्यापीठाचे हृदयशल्यविशारद जॉन एलेफ्तेरियादिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली अशा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, ज्यांची महाधमनी जोर लावून वजन उचलताना आतून चिरली गेली. तिला आलेला फुगवटा त्यांना ठाऊकच नव्हता, कारण असा फुगवटा बहुधा दुखत नाही. इकोकार्डिओग्राफीत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, महाधमनीचा हृदयालगतचा भाग सहज दिसतो. घरात कोणाला महाधमनीचा आजार असेल किंवा कोणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झाला असेल, तर जड वजनांना हात लावण्यापूर्वी ही तपासणी करून घ्यायलाच हवी, असे मला ठामपणे वाटते. व्यायाम करताना छातीत किंवा दोन्ही खांद्यांच्या मधोमध फाटल्यासारखी तीव्र कळ आली, तर स्नायू ओढला गेला असे समजून शेक घेत बसू नये, तडक रुग्णालय गाठावे.

रक्तदाब १८०/११० च्या वर असेल, तर तो औषधाने आटोक्यात येईपर्यंत वजने बाजूला ठेवावीत. जिममध्ये नाव नोंदवताना वजन आणि उंची विचारतात, पण रक्तदाब मोजायचे अनेकदा राहून जाते, ही मला फार गंभीर उणीव वाटते. याउलट मध्यम वजनांचा नियमित व्यायाम विश्रांतीच्या वेळचा रक्तदाब थोडा उतरवतो, आणि जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंच्या बळकटीचा व्यायाम सुचवते. आठ ते बारा वेळा उचलता येईल, पन्नाशीनंतर किंवा हृदयविकार असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने दहा ते पंधरा वेळा उचलता येईल, इतके वजन निवडावे आणि जोर लावताना श्वास बाहेर सोडावा. एका दमात जास्तीत जास्त किती उचलता येते, हे आजमावण्याची बहुतेकांना गरजच नसते.

वर्षानुवर्षे जड वजने उचलून हृदयाचा स्नायू निकामी होतो का, याबद्दल २०१७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला एक अभ्यास बोलका आहे. त्यात वजनांचा दीर्घ अनुभव असलेले १४० पुरुष तपासले गेले. त्यांपैकी ८६ जणांनी स्नायू वाढवणारी स्टेरॉइड घेतली होती, ५४ जणांनी नव्हती. हृदयाच्या डाव्या जवनिकेत साठलेल्या रक्तापैकी प्रत्येक ठोक्यागणिक किती रक्त बाहेर पडते, याचे प्रमाण स्टेरॉइड घेणाऱ्यांत सरासरी ५२ टक्के भरले. न घेणाऱ्यांत ते ६३ टक्के, म्हणजे पूर्णपणे सामान्य होते. व्यायाम करणाऱ्या तरुणाने हृदयाच्या तपासणीला जाताना ‘पावडर’ आणि इंजेक्शनांबद्दल डॉक्टरांपासून काहीही लपवू नये, आणि डॉक्टरांनीही तो प्रश्न न संकोचता विचारावा.