लूप फेरोइलेक्ट्रिक थराचा आणि लूप गळतीचा

पुण्यात पाषाणच्या प्रयोगशाळांत किंवा विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात प्रोजेक्ट करणारी मुलं पातळ थरावर पहिलं मोजमाप घेतात आणि "सर, लूप आला!" म्हणत धावत येतात. लूप म्हणजे व्होल्टेज वर-खाली फिरवताना भाराच्या आलेखात उमटणारा बंद वळसा. मुलांचा आनंद समजण्यासारखा आहे, पण पहिला प्रश्न तेव्हाच विचारायला हवा: लूप कशाचा? पोलरायझेशन (पदार्थातले धन आणि ऋण भार विरुद्ध दिशांना सरकलेले असणं) उलटल्याचा, की सॅम्पलमधून करंट गळतोय त्याचा?

फेरोइलेक्ट्रिक पदार्थात व्होल्टेज काढून घेतलं तरी पोलरायझेशन उरतं आणि उलट क्षेत्र दिलं की ते फिरतं. जोसेफ व्हॅलासेक यांना हे 1920 मध्ये रोशेल मिठात दिसलं. मोजणाऱ्या यंत्राला मात्र पोलरायझेशन दिसत नाही. इलेक्ट्रोडवर किती विद्युतभार आला, तेवढंच कळतं. स्फटिकातले आयन सरकल्यामुळे आलेला भार आणि थरातल्या दोषांतून झिरपलेला भार त्याच्या हिशेबात एकत्रच जमा होतात. भौतिकशास्त्रज्ञ जेम्स स्कॉट यांनी 2008 मध्ये चक्क केळ्याच्या सालीला चांदीच्या पेस्टचे इलेक्ट्रोड लावून असा लूप छापून दाखवला. केळं फेरोइलेक्ट्रिक नाही. ओली साल थोडा करंट वाहून नेते, इतकंच. मंडईतून एक केळं आणून प्रत्येक नव्या विद्यार्थ्याने हा प्रयोग करून पाहावा, असं मला मनापासून वाटतं.

खऱ्या लूपची टोकं निमुळती असतात, कारण उलटायचं ते उलटून झालेलं असतं. गळतीच्या लूपची टोकं गोल, पोट फुगीर. पण नुसत्या नजरेवर विसंबू नये. फ्रिक्वेन्सी 1 किलोहर्ट्झवरून 10 हर्ट्झवर आणा. जितका वेळ जास्त तितका भार जास्त गळतो, त्यामुळे गळतीचा लूप फुगत जातो. खऱ्याच्या उंचीत फारसा फरक पडत नाही. त्याहून भक्कम म्हणजे पुंड (PUND, पॉझिटिव्ह-अप-निगेटिव्ह-डाउन) ही पल्सची चाचणी. आधी एका पल्सने सगळं पोलरायझेशन एका दिशेला वळवायचं, मग विरुद्ध दिशेचे दोन पल्स लागोपाठ द्यायचे. पहिल्यात पोलरायझेशन उलटतं आणि गळतीही होते. दुसऱ्याच्या वेळी उलटायला काही राहिलेलंच नसतं, म्हणून त्यात फक्त गळती आणि साधी धारकता. पहिल्यातून दुसरा वजा करा. उरेल ते आपलं.

नॅनोत उतरलं की हा गोंधळ वाढतो. 100 नॅनोमीटरच्या थरावर 5 व्होल्ट म्हणजे सेंटिमीटरला 500 किलोव्होल्टचं क्षेत्र. गळतीला मोकळं रानच. त्यातून गॅलियम आयनांच्या झोताने बारीक ठिपके कातरले, तर त्यांच्या कडा दुखावतात ते वेगळंच. आता 100 नॅनोमीटर बाजूचा चौकोनी इलेक्ट्रोड घ्या. चौरस सेंटिमीटरला 40 मायक्रोकूलॉम उलटतात असं धरलं, तर त्याच्या वाट्याला 4 फेम्टोकूलॉम येतात, म्हणजे जेमतेम 25,000 इलेक्ट्रॉन. मीटरभर कोॲक्शियल केबलची धारकता सुमारे 100 पिकोफॅरड असते. 5 व्होल्टला तिच्यावर याच्या लाखपटीहून जास्त भार बसतो. आपला इवलासा भार त्यात शोधणार कुठे?

म्हणून इथे पीएफएमकडे (पिझोरिस्पॉन्स फोर्स मायक्रोस्कोपीकडे) वळतात. बारीक सुईने थराला एसी व्होल्टेज द्यायचं आणि पृष्ठभाग पिकोमीटरमध्ये किती हलतो ते पाहायचं. पोलरायझेशन उलटलं की हालचालीची फेज 180 अंशांनी फिरते. इथे भार मोजायचाच नसतो, पण फसगत टळत नाही. सुईतून थरात शिरलेला भार स्थिरविद्युत बलाने सुईचा दांडा हलवतो आणि हुबेहूब तसाच लूप काढतो. फेरोइलेक्ट्रिक नसलेल्या थरांवरही असे लूप मिळालेले आहेत.

तेव्हा पीएफएमचा लूप डीसी व्होल्टेज बंद ठेवूनही घ्यावा, आणि सुईने लिहिलेलं डोमेन (एकाच दिशेचं पोलरायझेशन असलेला भाग) काही तासांनी पुन्हा स्कॅन करून पाहावं. भार बहुधा विरत जातो. त्याच थरावर मोठे इलेक्ट्रोड टाकून पुंडचे आकडे काढावेत आणि रिपोर्टमध्ये लूपशेजारी करंटचा आलेखही द्यावा. पोलरायझेशन खरंच उलटत असेल, तर त्यात दोन्ही बाजूंना एकेक शिखर दिसतं.