सेन्सरचालित पक्षी-कॅमेरा (घरगुती)

पक्षी समोर येताच, कोणी बटण न दाबता छायाचित्र टिपणारी, सुट्या भागांतून घरी जुळवलेली यंत्रणा. चाहूल घेणारा सेन्सर, त्यावरून आदेश देणारे सर्किट किंवा छोटा संगणक आणि प्रत्यक्ष कॅमेरा असे तिचे तीन भाग. सेन्सरला पक्षी कळत नाही, फक्त बदल कळतो : उष्णतेतला, अडलेल्या किरणातला किंवा चित्राच्या ठिपक्यांतला. यांपैकी कोणता बदल पकडायचा हे आधी ठरवावे लागते. घरगुती प्रयोग फसतात ते बहुधा याच टप्प्यावर, सोल्डरिंगमध्ये नव्हे.

कल्पना जुनी आहे. अमेरिकेत जॉर्ज शिरास यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, ताणलेल्या दोरीला धक्का लागताच फ्लॅश पेटेल अशी योजना करून हरणांची रात्रीची छायाचित्रे मिळवली. ‘नॅशनल जिऑग्राफिक’ने ती जुलै १९०६ च्या अंकात छापली. भारतात वन अधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी १९२० च्या दशकात हिमालयाच्या पायथ्याच्या जंगलांत वाघांसाठी हीच युक्ती वापरली. उडत्या पक्ष्यासाठी मात्र तार निरुपयोगी. ब्रिटनमधील एरिक हॉस्किंग यांनी १९४० च्या दशकात इलेक्ट्रॉनिक फ्लॅश आणि पुढे किरण तुटताच शटर चालवणारी जोडणी पक्ष्यांसाठी वापरली. आजचे घरगुती प्रयोग याच वाटेने जातात.

स्वस्त व म्हणून लोकप्रिय सेन्सर म्हणजे पीआयआर (पॅसिव्ह इन्फ्रारेड). एचसी-एसआर५०१ हे त्याचे बाजारात सहज मिळणारे मॉड्यूल. पांढऱ्या घुमटाकार भिंगाखाली उष्णतेचे अवरक्त किरण ओळखणारे दोन पट्टे एकमेकांविरुद्ध जोडलेले असतात. दोघांना सारखीच उष्णता दिसली तर संकेत शून्य. उबदार वस्तू एकावरून दुसऱ्यावर सरकली तरच तो उमटतो. त्यामुळे आडवी हालचाल चटकन पकडली जाते, थेट सेन्सरकडे येणारी तितकी नाही. पक्ष्यांच्या बाबतीत अडचण वेगळीच आहे. त्यांच्या शरीराचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या आसपास असले तरी पिसे ती उष्णता आत राखतात आणि बाहेरचा पृष्ठभाग हवेपेक्षा थोडाच उबदार राहतो. विदर्भातल्या मे महिन्याच्या दुपारी तापलेल्या भिंतीसमोर बसलेला शिंपी पक्षी या सेन्सरच्या लेखी जवळजवळ नसतोच. मॉड्यूल माणसासाठी काही मीटरपर्यंत चालते म्हणून ते चिमणीसाठीही तेवढेच चालेल हा हिशेब चुकीचा आहे. लहान पक्ष्यासाठी सेन्सर बसण्याच्या जागेच्या अगदी जवळ हवा. घुमटापुढे पीव्हीसी पाइपचा छोटा तुकडा लावला की नजर अरुंद होते आणि हलणाऱ्या फांद्यांचे खोटे इशारे कमी होतात. वाय-फाय चालू असलेला बोर्ड शेजारी ठेवल्यासही हे मॉड्यूल उगाच चाळवते. एका इशाऱ्यानंतर ते काही सेकंद आंधळे असते, हेही धरून चालावे.

जमिनीवर चालणारा, जरा मोठा पक्षी आणि गार रात्र असेल तर उष्णतेचा फरक पुरेसा मिळतो. आंध्र प्रदेशातील कडप्पा भागात १९८६ मध्ये पुन्हा सापडलेल्या जेर्डनचा धाविक या निशाचर पक्ष्याचा माग काढताना अभ्यासकांनी पावलांचे ठसे उमटतील असे मातीचे पट्टे आणि आपोआप चालणारे कॅमेरे एकत्र वापरले होते.

उडता पक्षी हवा असेल तर किरण-अडथळा ही पद्धत घ्यावी. एका बाजूला अवरक्त एलईडी, समोर तो किरण टिपणारा ग्राहक (रिसीव्हर). किरण तुटला की शटर. सूर्यप्रकाशाने ग्राहक फसू नये म्हणून किरण ३८ किलोहर्ट्झने लुकलुकवतात. मात्र टीव्हीच्या रिमोटसाठी बनवलेले काही ग्राहक अखंड लुकलुक गोंगाट समजून दाबून टाकतात, म्हणून ती तुकड्यातुकड्याने पाठवावी लागते. खरी कसोटी वेळेची. डीएसएलआरचे शटर इशाऱ्यानंतर उघडायला ५० मिलिसेकंद घेत असेल, तर सेकंदाला १० मीटर वेगाने जाणारा पक्षी तेवढ्यात अर्धा मीटर पुढे गेलेला असतो. म्हणून फोकस किरणावर नव्हे, त्याच्या पुढे, पक्ष्याच्या वाटेवर ठेवतात. शटर जोडायला टकटक करणाऱ्या रिलेपेक्षा ऑप्टोकपलर (प्रकाशातून संकेत पुढे देणारा सुटा भाग) बरा : वेगवान, निःशब्द आणि कॅमेऱ्याला सर्किटपासून अलग ठेवणारा. पंख गोठवायचे काम शटर करत नाही, फ्लॅश करतो. बऱ्याच फ्लॅशची शक्ती १/६४ वर आणली की लखलखाट सेकंदाच्या वीस हजाराव्या भागाहूनही कमी काळ टिकतो. प्रकाश कमी पडतो, त्यावर उपाय एकच : दोन-तीन फ्लॅश, तेही जवळून.

तिसरी पद्धत सेन्सरच वगळते. रास्पबेरी पाय हा २०१२ मध्ये आलेला पत्त्यांच्या जोडाएवढा संगणक कॅमेऱ्यातून सतत बघत राहतो आणि लागोपाठच्या चित्रांत पुरेसा फरक दिसला की छायाचित्र साठवतो. दाणे ठेवलेल्या भांड्यासाठी हीच पद्धत सोयीची. वारा आणि ढगांची सावली मात्र मेमरी कार्ड भरून टाकतात, म्हणून चित्राचा फक्त बसण्याच्या जागेचा भाग तपासायला सांगावे. जुन्या कॅमेरा मॉड्यूलांचा फोकस कारखान्यातूनच दूरचा असतो. हातभर अंतरावरचा बुलबुल त्यात पुसट येतो. भिंग हलकेच फिरवून फोकस जवळ आणावा लागतो. २०२३ च्या तिसऱ्या मॉड्यूलात ऑटोफोकस आला आणि ही कटकट मिटली.

पेटी म्हणून विजेच्या कामाचा प्लास्टिकचा जंक्शन बॉक्स, वायरीच्या भोकाला पाणी अडवणारी ग्लँड, फटींना सिलिकॉन आणि आत सिलिका जेलची पुडी. कोकणातल्या पावसात एवढ्यानेही भिंगावर वाफ धरते. मुंग्या वेगळ्याच. पॉवर बँक वापरताना एक मेख आहे : अगदी कमी वीज ओढली जात असेल तर बऱ्याच पॉवर बँक आपोआप बंद पडतात, झोपी जाणाऱ्या सर्किटला त्यामुळे थेट लिथियम सेलच बरे.

जागा पाणवठ्याची, दाण्याची किंवा नेहमीच्या बसण्याच्या फांदीची असावी. विणीच्या काळात घरट्यापाशी यंत्र लावू नये : वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील शिकारीच्या व्याख्येत वन्य पक्ष्यांची अंडी व घरटी यांना उपद्रव देणेही येते.