मध्यकर्णातील श्रवणयंत्रे : ‘पूर्ववत करता येते’ म्हणजे नेमके काय?

मध्यकर्णातील श्रवणयंत्रे पडद्यामागच्या हातोडा, ऐरण आणि रिकिबी या तीन चिमुकल्या हाडांच्या साखळीला कंप देतात, आणि ती बसवण्याची शस्त्रक्रिया ‘पूर्ववत करता येते’, म्हणजे यंत्र काढल्यास कान पहिल्यासारखा होतो, असे सांगितले जाते. कानाच्या पडद्यावर लोखंडाचे कण ठेवून चुंबकाने तो हलवण्याचा प्रयोग १९३५ सालचा आणि रिकिबीला थेट कंप देणारे जपानी यंत्र १९८४ मधले. शस्त्रक्रियेतील धोके कसे टाळावेत, या चर्चेला मात्र खरी धार आली ती १९९६ मध्ये झुरिक येथे ऐरणीच्या लांब दांड्यावर टायटॅनियमच्या चिमट्याने एक चिमुकले कंपक बसवण्यात आल्यानंतर. या कंपकाची लांबी जेमतेम २.३ मिलिमीटर आणि वजन सुमारे २५ मिलिग्रॅम. पण त्याला आत नेण्याची वाट कानामागचे हाड कोरून, चेहऱ्याची नस आणि चवीची नस यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेतून जाते, आणि कॉक्लियर इम्प्लांटच्या (आतल्या कानाला विद्युत संकेत देणाऱ्या यंत्राच्या) तारेला लागते त्यापेक्षा ती रुंद करावी लागते. नसेवर हाडाचा पातळ पापुद्रा राखणे, ड्रिलच्या उष्णतेने ती दुखावू नये म्हणून सतत पाणी सोडणे आणि नर्व्ह मॉनिटर (नसेवर लक्ष ठेवणारे उपकरण) लावणे हे शिरस्ते त्यामुळेच अधिक काटेकोरपणे पाळले जाऊ लागले. चिमटा फार आवळला तर दांड्याचे हाड झिजण्याची भीती असते आणि सैल राहिला तर कंप नीट पोचत नाहीत. पुढे ऐरणीच्या आखूड दांड्यावर बसणारे जोड आल्यावर दोन नसांमधून जाण्याची गरजही बऱ्याच अंशी टळली.

खरा वाद अडला आहे तो ‘पूर्ववत करता येते’ या शब्दांपाशी. चिमट्याच्या यंत्रात हाडांची साखळी अखंड राहते, म्हणून तेथे हे शब्द बऱ्यापैकी खरे आहेत. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस जर्मनीतील एका पूर्णपणे शरीरात बसणाऱ्या यंत्रासाठी, शिट्टीसारखा प्रतिध्वनी थांबवण्याकरिता, हातोड्याची मान कापण्यात आली. तिलाही ‘पूर्ववत होणारी’ म्हटले गेले, कारण ती पुन्हा सांधता येईल अशी अपेक्षा होती. अमेरिकेत मार्च २०१० मध्ये परवानगी मिळालेल्या यंत्रात तर ऐरणीच्या लांब दांड्याचा दोन-तीन मिलिमीटरचा तुकडाच काढला जातो. पडद्याच्याच कंपांवरून ध्वनी टिपणारे हे यंत्र आपल्याच कंपांना पुन्हा ‘ऐकू’ नये, हे त्यामागचे तांत्रिक कारण समजण्यासारखे आहे. परंतु यंत्र बंद असताना त्या कानाला पूर्वीपेक्षाही कमी ऐकू येते आणि ते काढले तर कृत्रिम सांध्याने साखळी जुळवावी लागते. अशा दुरुस्तीला ‘पूर्ववत’ म्हणणे भाषेवर अन्याय करणारे वाटते, हे येथे नोंदवलेच पाहिजे.

त्वचेखाली मायक्रोफोन ठेवणाऱ्या दुसऱ्या पंथाने हा छेद टाळला. मात्र तेथे स्वतःच्या चावण्याचा आणि केस घासल्याचा आवाज मायक्रोफोनपर्यंत पोचू लागला, आणि यंत्रावरची त्वचा पातळ पडून ते उघडे पडण्याची चिंता नव्याने सुरू झाली.