चारशे लाइनी आल्या कुठून? विमानाच्या कंपन सर्वेक्षणामागचा इतिहास

विमानाचा स्पेक्ट्रम सर्व्हे (कुठल्या वारंवारतेला किती कंपन आहे याची नोंद) घ्यायला ॲनालायझर, म्हणजे कंपन मोजणारं उपकरण, सुरू केला की मेन्यूत काही आकडे आधीच भरलेले दिसतात. ४०० लाइनी (वारंवारतेच्या पट्ट्याचे तेवढे तुकडे), हॅनिंग विंडो (नमुन्यांच्या कडा मऊ करणारं गणित), कंपनाचा वेग आयपीएसमध्ये (म्हणजे सेकंदाला किती इंच) आणि वारंवारता सीपीएममध्ये (मिनिटाला किती आवर्तनं). यातलं बरंचसं तुमच्या इंजिनाकडे बघून ठरवलेलं नाही, ते जुन्या उपकरणांच्या मर्यादांमधून उरलेलं आहे.

सुरुवात कापडापासून झाली. हेलिकॉप्टरच्या पात्यांच्या टोकांना वेगवेगळ्या रंगांचा खडू लावायचा, काठीला ताणून बांधलेली कापडी पट्टी फिरत्या रोटरला हळूच टेकवायची आणि खुणांमधलं अंतर मोजायचं. काम धोक्याचं, आणि त्यातून फक्त ट्रॅक कळायचा. कुठलं पातं वर चाललंय ते दिसे, वजन कुठे जास्त आहे ते दिसत नसे.

१९३०च्या दशकात अमेरिकेत एमआयटीमध्ये हॅरॉल्ड एजर्टन यांनी विजेचा स्ट्रोबोस्कोप वापरण्याजोगा केला. पुढे चॅडविक-हेल्मथ कंपनीच्या व्हायब्रेक्ससारख्या संचांमध्ये स्ट्रोबचा दिवा आणि कंपनाचा सेन्सर एकत्र आले. सेन्सर बऱ्याचदा मूव्हिंग कॉइलचा, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात हलणारी गुंडाळी. तिचं व्होल्टेज वेगाच्या प्रमाणात निघतं, म्हणून मोजमाप वेगातच झालं आणि आयपीएस रुजलं. बँडपास फिल्टरची (एकाच वारंवारतेजवळचं कंपन पुढे जाऊ देणाऱ्या फिल्टरची) चकती हातानं रोटरच्या आरपीएमवर आणावी लागे. ती जरा हलली की फेज (फेरीत कंपनाचा कमाल क्षण कुठे येतो ते) चुके आणि तोल साधायचं वजन भलत्याच बोल्टवर जाई. फेज घड्याळाच्या तासांत वाचत, एक तास म्हणजे ३० अंश. आजचे बॅलन्स चार्टही तसेच छापलेले असतात.

या सेन्सरची एक खोड होती. साधारण १० हर्ट्झच्या खाली त्याचं आउटपुट पडतं आणि फेज सरकते. बेल २०६चा मुख्य रोटर ३९४ आरपीएमनं फिरतो, म्हणजे ६.६ हर्ट्झ. जुन्या चार्टमध्ये ही सरक धरलेली असे. म्हणून तोच चार्ट ठेवून सेन्सरच्या जागी ॲक्सेलरोमीटर (त्वरण मोजणारा सेन्सर) लावला तर पहिलं वजन चुकीच्या जागी बसण्याची शक्यता मोठी.

१९६५ साली कूली आणि टुकी यांनी एफएफटीची रीत (सिग्नल एकदम सगळ्या वारंवारतांमध्ये फोडणारं गणित) प्रसिद्ध केली आणि एकेका वारंवारतेवर फिल्टर फिरवण्याची गरज संपली. या रीतीला दोनाच्या घातातली नमुनासंख्या सोयीची पडते, म्हणून १०२४ नमुने. त्यातून ५१२ लाइनी निघतात, पण अँटी-अलायझिंग फिल्टर (जास्त वारंवारता खोटी होऊन खाली दिसू नये म्हणून लावलेला) वरच्या टोकाला भरवशाचा नसतो, म्हणून ४०० ठेवून बाकीच्या टाकल्या. १०२४ भागिले ४०० म्हणजे २.५६. कमाल वारंवारतेच्या २.५६ पट वेगानं नमुने घेण्याचा नियम इथलाच.

ट्विन ऑटर विमानाच्या पीटी-६ए-२७ इंजिनावर हे आकडे लावून बघू. प्रॉपेलर २,२०० आरपीएम, पॉवर टर्बाइन ३३,००० आणि गॅस जनरेटर (इंजिनातला कॉम्प्रेसर फिरवणारा भाग) १०० टक्क्यांना सुमारे ३७,५००. सगळं एकाच चित्रात हवं तर कमाल वारंवारता ६०,००० सीपीएम घ्यावी लागते. ४०० लाइनींत एक लाइन १५० सीपीएमची झाली. २,२०० भागिले १५० म्हणजे १४.६७, म्हणजे प्रॉपेलरचा पीक (स्पेक्ट्रममधलं टोक) दोन लाइनींच्या मध्ये पडला. अशा वेळी हॅनिंग विंडो उंची १५ टक्क्यांपर्यंत कमी दाखवू शकते. उंची नेमकी हवी तर फ्लॅट टॉप विंडो, जवळचे पीक वेगळे करायचे तर हॅनिंग.

लाइनी १,६०० केल्या की एक लाइन ३७.५ सीपीएमची होते, पण एका नोंदीला १.६ सेकंद लागतात आणि आठ नोंदींच्या सरासरीला सुमारे १३. तेवढ्यात गॅस जनरेटर १ टक्का सरकला तरी ३७५ सीपीएम, म्हणजे दहा लाइनी. पीक पसरून बुटका होतो आणि बघणाऱ्याला इंजिन छान वाटतं. यावर उपाय म्हणजे दोन सर्व्हे. एक ६०,०००चा आणि दुसरा प्रॉपेलरसाठी १२,००० सीपीएम, ८०० लाइनींचा. आरपीएम स्थिर होईपर्यंत रेकॉर्डचं बटण दाबायचं नाही.

पिस्टन इंजिनात लाइनी वाढवूनही सुटत नाही असा एक पेच आहे. फ्लाइंग क्लबमधलं सेसना १७२ घ्या. चार सिलिंडर, फोर-स्ट्रोक, म्हणजे एका फेरीत दोन ज्वलनं. पंखा दोन पात्यांचा, म्हणजे तेही फेरीला दोनदा. २,४०० आरपीएमला दोन्ही ४,८०० सीपीएमवरच येतात. तिथला पीक कुणाचा हे स्पेक्ट्रम सांगू शकत नाही. १,२०० सीपीएमवर, म्हणजे अर्ध्या ऑर्डरला (इंजिनाच्या आरपीएमच्या निम्म्यावर), पीक वाढला असेल तर मात्र आधी सिलिंडर तपासावेत.

एककांचा घोळ अजून मिटलेला नाही. ०.२ आयपीएस पीक (इथे पीक म्हणजे कमाल मूल्य) म्हणजे ५.१ मिमी/सेकंद पीक, पण आरएमएसमध्ये (एका प्रकारच्या सरासरीत) ३.६. प्रॉपेलर बनवणाऱ्या हार्टझेलच्या पद्धतीत सुरुवातीचं रीडिंग १.२ आयपीएसच्या वर असेल तर प्रॉपेलर उतरवून आधी स्टॅटिक बॅलन्स (इंजिनावर न फिरवता साधलेला तोल) करायचा. मेन्यूत आरएमएस राहून गेलं असेल तर खरं १.४ पीक ०.९९ दिसतं आणि उतरवायचा पंखा जागेवरच राहतो.

आजचे दोन तारांचे ॲक्सेलरोमीटर ॲनालायझरकडून वीज घेतात. आधी बायस व्होल्टेज (सेन्सरवर कायम असणारं स्थिर व्होल्टेज) बघावं. शून्याजवळ असेल तर केबल शॉर्ट, पुरवठ्याइतकं असेल तर तुटलेली. जोडल्यावर काही सेकंद थांबावं, नाहीतर वेगाच्या स्पेक्ट्रमच्या डाव्या टोकाला उतरता डोंगर दिसतो. सेन्सर क्रँककेसच्या भक्कम बोल्टवर बसवावा, पातळ पट्टीवर नको. पट्टी स्वतःच गुणगुणते. केबल इग्निशन लीडपासून दूर न्यावी आणि टॅकोमीटरच्या (प्रकाशानं फेऱ्या मोजणाऱ्या उपकरणाच्या) डोळ्यात ऊन जाऊ देऊ नये.

६ नोव्हेंबर १९८६ रोजी स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांमधल्या सम्बरोजवळ चिनूक हेलिकॉप्टर समुद्रात पडलं, ४५ जण गेले. पुढच्या ट्रान्समिशनमधला बेव्हल रिंग गिअर फटीग होऊन (वारंवारच्या ताणानं थकून) तुटला होता. त्यानंतर उत्तर समुद्रातल्या हेलिकॉप्टरांवर कायमची बसवलेली हम्स (यंत्रभागांची प्रकृती आणि वापर नोंदवणारी) यंत्रणा आली आणि कंपनाची नोंद प्रत्येक उड्डाणात होऊ लागली.

हातातल्या ॲनालायझरचं काम त्यामुळे संपलं नाही, पण जुनी नोंद जपण्याचं महत्त्व वाढलं. ती नोंद ४०० लाइनींची आणि नवी १,६०० लाइनींची असेल, तर इंजिनात काहीही न बदलता तळाचा गोंगाट निम्म्यावर आलेला दिसेल. म्हणून लाइनी, विंडो, सरासऱ्या आणि सेन्सरची जागा नोंदीच्या पहिल्याच ओळीत लिहून ठेवायची.