बैठ्या खेळांचा रचनाकार : दैनंदिन काम

पट, पत्ते, फासे, सोंगट्या आणि नियम यांच्या जुळणीतून नवा बैठा खेळ घडवणारी व्यक्ती. खेळाची कल्पना सुचणे हा या कामाचा सर्वांत छोटा भाग. रचनाकाराचा दिवस जातो तो आकडेमोडीत, कापण्या-चिकटवण्यात, लोकांना खेळताना पाहण्यात आणि नियमांचा मजकूर पुन्हा पुन्हा लिहिण्यात. इंदुरात यासाठी लागणारे बहुतेक सामान शहरातच मिळते. कागद, पुठ्ठा आणि लेखनसाहित्यासाठी खजुरी बाजार पुरतो. मात्र इथे खेळायला बसणाऱ्यांत मराठी आणि हिंदी दोन्ही बोलणारे असतात, आणि त्याचा परिणाम खेळाच्या रचनेपासून छपाईपर्यंत जाणवत राहतो.

आकडेमोड सकाळी, डोके ताजे असताना केलेली बरी. समजा, पटावर ४० घरे आहेत आणि एकच फासा आहे. एका फाशाची सरासरी ३.५, म्हणजे शेवटच्या घरी पोहोचायला साधारण १२ खेळ्या. चार खेळाडू आणि प्रत्येक खेळीला अर्धा मिनिट धरले, तर डाव २४ मिनिटांचा होतो. शेवटच्या घरात जायला नेमकेच दान हवे असा नियम घातला की हे गणित कोलमडते : एकच घर उरलेल्या खेळाडूला १ पडण्यासाठी सरासरी सहा खेळ्या लागतात आणि रंगलेला डाव अखेरीस रेंगाळतो. अशा वेळी जास्तीचे दान चालवून घ्यावे. दोन फासे घेतल्यास ३६ शक्यतांपैकी सहांत ७ येतो, १२ मात्र एकदाच. त्यामुळे मोठे बक्षीस सातव्या घरावर ठेवायचे की बाराव्या, हा निर्णय अंदाजाने घेऊ नये. कवड्यांचे गणित आणखी वेगळे. कवडी उताणी आणि पालथी सारख्याच वेळा पडते असे गृहीत धरता येत नाही. ज्या कवड्या खेळात द्यायच्या त्याच शेकडो वेळा टाकून नोंद करणे हाच खात्रीचा मार्ग आहे.

नमुन्याचा पहिला संच जितका ओबडधोबड तितका चांगला. सुबक नमुना फाडून टाकायला हात धजत नाही आणि पाहणारेही दोष सांगायला कचरतात. साधे पांढरे कागद, पेन्सिल, ल्युडोच्या सोंगट्या, बटणे, मणी एवढे पुरे. पुढच्या टप्प्यावर ६३ × ८८ मिमी हे पत्त्यांचे रूढ माप घ्यावे; ए-४ कागदावर असे नऊ पत्ते बसतात, म्हणजे ५४ पत्त्यांना सहा कागद. छापलेले कपटे प्लास्टिकच्या पाकिटांत जुन्या पत्त्यांपुढे सरकवले की पत्ता नीट पिसता येतो आणि मजकूर बदलायचा झाला तर फक्त कपटा बदलतो. कापताना लोखंडी पट्टी आणि नवे पाते वापरावे. बोथट पात्याने कडा चुरगळतात, पत्ता पाठीमागूनच ओळखू येतो आणि चाचणी वाया जाते. प्रत्येक पत्त्याच्या कोपऱ्यात आवृत्तीचा क्रमांक बारीक अक्षरांत लिहावा, नाहीतर जुने आणि नवे पत्ते एकमेकांत मिसळतात.

चाचणी हा कामाचा गाभा. ती तीन पायऱ्यांत होते. आधी रचनाकार एकटाच सर्व खेळाडूंच्या वतीने खेळतो. ढोबळ चुका इथेच सापडतात. मग ओळखीचे लोक खेळतात. शेवटी अनोळखी लोकांच्या हाती बंद खोका आणि नियमपत्रिका द्यायची आणि आपण गप्प बसायचे. ही तिसरी पायरी सर्वांत कठीण आणि सर्वांत उपयोगी आहे, कारण विकत घेतलेल्या खेळासोबत रचनाकार घरी येत नाही. भंवरकुआँ परिसरातले वसतिगृहांत राहणारे विद्यार्थी नियमांतली पळवाट चटकन शोधतात. रामबाग, राजेंद्रनगर, लोकमान्यनगर या भागांतल्या मराठी घरांत आजी, सून आणि नात एकाच पटाभोवती बसू शकतात, त्यामुळे नियम कोणत्या वयाला कळत नाही ते लगेच दिसते. गणेशोत्सवात माणसे आपणहून एकत्र येतात, म्हणून गटचाचण्यांना हे दिवस सोयीचे.

वहीत काय टिपायचे ते आधी ठरवावे : प्रत्येक खेळीचा वेळ, नियमपत्रिका पुन्हा कधी उघडली, कोणता प्रश्न नेमक्या कोणत्या शब्दांत विचारला, कोणी मोबाइल कधी हातात घेतला. खेळ आवडला का, असे विचारू नये. घरातले लोक होच म्हणतात. डाव संपल्यावर कोणी आपणहून पुन्हा मांडायला घेतो का, हे पाहावे. नेहमी आढळणारे दोष मोजकेच आहेत. आघाडीवरचा खेळाडू पुढेच जात राहतो, कारण त्याला मिळणारे उत्पन्नच त्याला आणखी उत्पन्न देते. कोणी लवकर बाद होतो आणि तासभर नुसता बसून राहतो. हरणारा आपल्या शेवटच्या खेळीने दुसऱ्याच कोणाला जिंकवतो. सगळ्यांनी मिळून जिंकायच्या खेळात एकच जाणकार बाकीच्यांच्या खेळ्या ठरवू लागतो. सुधारणा करताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन बदलल्या तर गुण कशामुळे आला ते कळत नाही.

मराठी शब्दखेळ रचणाऱ्याची वाट वेगळीच. इंग्रजीत २६ अक्षरांचे ठोकळे पुरतात. ‘स्क्रॅबल’साठी आल्फ्रेड बट्स यांनी वर्तमानपत्रांतली अक्षरे मोजून कोणते अक्षर किती ठोकळ्यांवर द्यायचे ते ठरवले. मोजणीची ती पद्धत मराठीतही चालते, पण मोजायचे काय हा प्रश्न उरतोच. ३६ व्यंजने आणि बाराखडीची १२ रूपे धरली तरी ४३२ ठोकळे होतात, आणि त्यांत क्ष, ज्ञ सोडता जोडाक्षरे नाहीत. ठोकळ्यावर नुसते व्यंजन देऊन काना-मात्रा खेळाडूवर सोडली, तर क आणि ल यांतून कल, काल, कला, कौल असे काहीही निघते. खेळ सोपा होतो आणि वाद वाढतात. मात्रांचे पारदर्शक तुकडे व्यंजनावर ठेवण्याची सोय अधिक न्याय्य वाटते, पण मग आडव्या आणि उभ्या शब्दांच्या छेदाच्या घरात मात्राही एकच असावी लागते आणि जुळणी अवघड होते. वर्तमानपत्रांतल्या शब्दकोड्यांची सवय असलेल्या वाचकांना हे बंधन ओळखीचे असते. ‘पुस्तक’मधल्या ‘स्त’ला एक घर की दोन, हे नियमपत्रिकेच्या पहिल्याच पानावर लिहावे.

नियम लिहिताना उद्दिष्ट, मांडणी, एक खेळी, डावाचा शेवट आणि मग अपवाद, हा क्रम ठेवावा. पटावरच्या जागेला एकदा ‘घर’ म्हटले की शेवटपर्यंत घरच म्हणावे. मध्येच ‘चौकोन’ आला की खेळाडू वेगळी जागा शोधू लागतो. इंदुरात बहुधा मराठी आणि हिंदी अशी दुहेरी पत्रिका लागते. दोन्ही मजकूर स्वतंत्रपणे लिहून वेगवेगळ्या गटांकडून तपासून घ्यावेत.

छपाईला जाणाऱ्या फाइलीत चारही बाजूंना ३ मिमी जास्तीचा रंग सोडावा. पत्त्याभोवती बारीक किनार काढू नये. कापताना एखाद्या मिलिमीटरचा फरक पडतोच आणि किनार वाकडी दिसते. हिंदी कामाची सवय असलेल्या छापखान्यात युनिकोड मजकूर कृतिदेव या जुन्या हिंदी टंकात उतरवला गेला, तर ‘दुसऱ्या’चे ‘दुसर्‍या’ऐवजी रफार असलेले ‘दुसर्या’ होऊन बसते. म्हणून अक्षरांचे आकार रेखाकृतींत (आउटलाइन) बदलूनच फाइल द्यावी आणि ‘ऱ्या’, ‘ऱ्हा’, ‘ळ’ असलेले शब्द छापील नमुन्यावर बोट ठेवून तपासावेत. पत्त्यांना ३०० जीएसएम (चौरस मीटरला ३०० ग्रॅम) आर्ट कार्ड आणि वर लॅमिनेशन लागते. इंदुरी घरात पटाशेजारी शेवेची बशी येणारच, आणि तेलकट बोटांचे डाग उघड्या कागदावरून निघत नाहीत. पटासाठी २ मिमी पुठ्ठा चालतो. कागद एकाच बाजूला चिकटवला तर तो वाळताना पुठ्ठ्याला ओढतो आणि पावसाळ्यात पट वाकतो, म्हणून मागच्या बाजूलाही कागद लावावा आणि दोन्हींच्या तंतूंची दिशा एकच ठेवावी. लाल आणि हिरव्या सोंगट्यांना आकारही वेगळे द्यावेत; हे दोन रंग सर्वांनाच वेगळे दिसत नाहीत.

कायद्याची बाजू थोडक्यात. भारतीय पेटंट कायदा, १९७० च्या कलम ३(एम) नुसार खेळ खेळण्याची पद्धत हा ‘शोध’ मानला जात नाही. नियमांचा मजकूर आणि चित्रे यांना मात्र प्रताधिकार (कॉपीराइट) मिळतो आणि नावाची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी होते. अमेरिकेत एलिझाबेथ मॅगी यांना जमीनदारीवरच्या खेळाचे पेटंट १९०४ मध्ये मिळाले होते. तरी पुढे त्याच धाटणीची ‘मोनोपॉली’ १९३५ पासून चार्ल्स डॅरो यांच्या नावाने गाजली. म्हणून प्रत्येक बदलाची तारीखवार वही ठेवावी. १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून भारतीय मानक ब्युरोचे प्रमाणचिन्ह सक्तीचे झाले, तेव्हा खेळ कोणत्या वयाचा हे खर्चाचा अंदाज बांधण्याआधीच ठरवावे लागते.

संच भरताना सर्व वस्तू तपासलेल्या एका खोक्याचे वजन प्रमाण धरावे आणि प्रत्येक बंद खोका काट्यावर ठेवावा. पत्त्यांचा जुडगा किंवा फासे राहून गेले असतील तर ते वजनातच कळते. एखादी हलकी सोंगटी मात्र मोजूनच भरावी.